ज्युनियर वॉरंट ऑफिसर होताना: वायुसेनेतील जेसीओ हुद्दे, त्यांची वाट आणि वाटेतले खड्डे

ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून माझी बढती झाल्याचे घरी कळवले, तेव्हा आईने पेढे वाटताना गावभर सांगितले की पोरगा ऑफिसर झाला. सुट्टीवर गेलो तर शाळेतल्या गुरुजींनी विचारले, "म्हणजे आता फ्लाइंग ऑफिसर का?" सैन्यातून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालेले शेजारचे आबा मी तोंड उघडण्याआधीच म्हणाले, "नाही गुरुजी, माझ्यासारखाच जेसीओ." आबांचे बरोबर होते; जेसीओ म्हणजे ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, साधे जवान आणि फ्लाइंग ऑफिसरसारखे कमिशन मिळालेले अधिकारी यांच्या मधला हुद्दा. पण बावीस वर्षे वायुसेनेत काढूनही मला तो फरक आईला सोप्या शब्दांत सांगता येत नव्हता, याची त्या दिवशी थोडी लाज वाटली.

हा लेख दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. पहिला वाचक म्हणजे कॉर्पोरल किंवा सार्जंट असलेला तरुण एअरमन, म्हणजे अधिकारी नसलेला वायुसैनिक, ज्याला पुढची वाट धूसर दिसते. दुसरा म्हणजे त्याच्या घरचे लोक, किंवा वायुसेनेत जाण्याचा विचार करणारा आणि हे हुद्दे नेमके काय असतात हे समजून घेऊ पाहणारा विद्यार्थी. बढतीचे तपशीलवार नियम आणि आदेश वेळोवेळी बदलतात. ते आपल्या युनिटच्या ऑर्डरली रूममध्ये, म्हणजे कचेरीत, प्रत्यक्ष वाचावेत. मी सांगणार आहे ते आदेशात लिहिलेले नसते आणि मला उशिरा समजले.

१. आधी शिडी नीट समजून घ्या

भारतीय वायुसेनेत एअरमनचा प्रवास एअरक्राफ्ट्समन या हुद्द्यापासून सुरू होतो. त्यानंतर लीडिंग एअरक्राफ्ट्समन, मग कॉर्पोरल, मग सार्जंट. कॉर्पोरलच्या बाहीवर दोन फिती असतात आणि सार्जंटच्या तीन. सार्जंटच्या वर ज्युनियर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर असे तीन हुद्दे येतात. बोलताना यांनाच जेडब्ल्यूओ, डब्ल्यूओ आणि एमडब्ल्यूओ म्हणतात, आणि सैन्यातल्या जेसीओंच्या बरोबरीचे हुद्दे म्हणजे हेच तीन.

सैन्य व नौदलाशी बरोबरी अशी लागते: ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणजे सैन्यातला नायब सुभेदार आणि नौदलातला चीफ पेटी ऑफिसर, वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर द्वितीय श्रेणी, मास्टर वॉरंट ऑफिसर म्हणजे सुभेदार मेजर आणि मास्टर चीफ पेटी ऑफिसर प्रथम श्रेणी. गावाकडे सैन्यातले हुद्दे सर्वांना पाठ असतात, म्हणून घरी सांगताना "नायब सुभेदाराच्या बरोबरीचा" एवढे म्हटले की निम्मे काम होते. मी आईला शेवटी हेच सांगितले.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात ठेवावी. सैन्यात धर्मशिक्षकासारख्या काही पदांवर थेट जेसीओ म्हणून भरती होते. वायुसेनेत मात्र ज्युनियर वॉरंट ऑफिसर म्हणून थेट भरती होत नाही. या हुद्द्यावर दिसणारा प्रत्येक माणूस खालच्या पायरीपासून चढून आलेला असतो. त्यामुळे "थेट वॉरंट ऑफिसर पदासाठी भरती" अशी जाहिरात कोणी दाखवली आणि त्यासाठी पैसे मागितले, तर ती फसवणूक आहे असे समजून तेथून निघून यावे.

शेजारी देशांच्या वायुदलांविषयी वाचताना आणखी एक गोंधळ होतो. पाकिस्तानच्या वायुदलात असिस्टंट वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि चीफ वॉरंट ऑफिसर असा क्रम आहे, तर बांगलादेशात वॉरंट ऑफिसर, सीनियर वॉरंट ऑफिसर आणि मास्टर वॉरंट ऑफिसर. म्हणजे नुसता 'वॉरंट ऑफिसर' हा हुद्दा आपल्याकडे आणि पाकिस्तानात मधली पायरी आहे, आणि बांगलादेशात पहिली. नाव सारखे दिसले म्हणून पायरीही सारखीच असेल असे गृहीत धरू नये.

२. 'जेसीओ' आणि 'वॉरंट ऑफिसर' या दोन शब्दांचा उगम पाहा

इतिहास थोडक्यात पुरतो. भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीजवळच्या ड्रिघ रोड येथे पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यात सहा अधिकारी आणि १९ 'हवाई सिपाही' होते. घडण ब्रिटिश रॉयल एअर फोर्सच्या धर्तीवर झाली, त्यामुळे कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर ही नावे तिकडून आली. सैन्यात मात्र व्हाइसरॉयचे कमिशन मिळालेल्या देशी अधिकाऱ्यांची जुनी परंपरा होती आणि स्वातंत्र्यानंतर त्यांनाच ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर हे नाव मिळाले. वेतन, निवृत्तिवेतन आणि सवलतींसाठी तिन्ही दले एकाच तक्त्यात बसवावी लागतात, म्हणून सरकारी कागदांत आपले वॉरंट ऑफिसरही जेसीओंच्या रकान्यात येतात. वायुसेनेच्या स्वतःच्या कायद्यात आणि रोजच्या बोलण्यात मात्र शब्द वॉरंट ऑफिसर हाच आहे. हँगरमध्ये कोणी कोणाला "जेसीओ साहेब" म्हणत नाही. "वॉरंट साब" म्हणतात.

सामान्य वाचकाच्या कानांवर हे नाव पडते ते बहुधा दुःखद बातमीतून. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांना घेऊन जाणारे एमआय-१७ व्ही ५ हेलिकॉप्टर कोसळले, तेव्हा त्याच्या चार जणांच्या चमूत दोन अधिकाऱ्यांबरोबर राणा प्रताप दास आणि ए. प्रदीप हे दोन ज्युनियर वॉरंट ऑफिसर होते. वॉरंट हुद्द्याचा माणूस म्हणजे केवळ कवायत घेणारा किंवा कचेरीत बसणारा, असा समज असलेल्यांना त्या दिवशी हा हुद्दा हेलिकॉप्टरच्या आतही असतो हे कळले.

३. रँक, नेमणूक आणि वेतनस्तर या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नका

नवख्यांचा सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून या भागावर थोडा वेळ घालवा.

रँक तुमच्या खांद्यावर असते आणि ती तुमच्याबरोबर प्रत्येक बदलीत फिरते. नेमणूक त्या जागेपुरती असते. प्रत्येक तळावर 'स्टेशन वॉरंट ऑफिसर' असतो. शिस्त, गार्ड, परेड आणि एअरमनांची राहणी हे त्याचे क्षेत्र, आणि त्याच्या सायकलची घंटा ऐकून भलेभले सार्जंट टोपी सरळ करतात. पण स्टेशन वॉरंट ऑफिसर ही रँक नाही. त्या खुर्चीवर बसलेला माणूस सामान्यतः मास्टर वॉरंट ऑफिसर किंवा ज्येष्ठ वॉरंट ऑफिसर असतो, आणि बदली झाली की खुर्ची मागे राहते व रँक पुढे जाते. घरून येणाऱ्या पत्रावर किंवा लग्नपत्रिकेत हुद्दा लिहिताना रँक लिहावी.

वेतनस्तर हा तिसरा प्रकार आहे. सातव्या वेतन आयोगानुसार, १ जानेवारी २०१६ पासून, सार्जंट स्तर ५ मध्ये असून त्याचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून सुरू होते. ज्युनियर वॉरंट ऑफिसर स्तर ६ मध्ये म्हणजे ३५,४०० रुपयांपासून, वॉरंट ऑफिसर स्तर ७ मध्ये म्हणजे ४४,९०० रुपयांपासून आणि मास्टर वॉरंट ऑफिसर स्तर ८ मध्ये म्हणजे ४७,६०० रुपयांपासून. सैनिकी सेवा वेतन, ज्याला सगळे एमएसपी म्हणतात, ते नव्या एअरमनपासून मास्टर वॉरंट ऑफिसरपर्यंत सर्वांना सारखेच, दरमहा ५,२०० रुपये ठरले. रँक वाढली म्हणून ते वाढत नाही.

आता खड्डा कोठे आहे तो पाहा. बढती न मिळालेल्याची आर्थिक कोंडी होऊ नये म्हणून ८, १६ आणि २४ वर्षांच्या टप्प्यांवर एमएसीपी नावाची वेतनवाढ दिली जाते, आणि तिच्यामुळे सार्जंट राहूनही माणूस ज्युनियर वॉरंट ऑफिसरच्या वेतनस्तरात पोहोचू शकतो. अशा वेळी त्याची रँक बदलत नाही, अधिकार बदलत नाहीत आणि त्याने स्वतःला जेडब्ल्यूओ म्हणवून घेणे चूक ठरते. उलट बाजूही आहे. एमएसीपीमुळे ज्याने स्तर ६ आधीच गाठला आहे, त्याला नंतर त्याच स्तरावरची प्रत्यक्ष बढती मिळाली, तर वेतननिश्चितीचा लाभ दुसऱ्यांदा मिळत नाही. माझ्या एका बॅचमेटने बढतीच्या आशेवर घरासाठी कर्जाचा हप्ता वाढवून घेतला, आणि पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात जवळजवळ तोच आकडा पाहून तो अकाउंट्स विभागात भांडायला गेला. चूक विभागाची नव्हती. बढतीनंतर हातात किती येणार याचे गणित आधी अकाउंट्समधल्या माणसाबरोबर बसून करावे आणि मगच बँकेत जावे.

४. सार्जंट असतानाच जमवाजमव करा

सार्जंटपर्यंतचा प्रवास मुख्यतः सेवेची वर्षे आणि परीक्षा यांच्या आधाराने होतो. तेथून पुढे हिशेब बदलतो: जागा रिकामी असावी लागते, ज्येष्ठता असावी लागते, आणि वार्षिक मूल्यमापन, वैद्यकीय श्रेणी, आवश्यक परीक्षा व शिस्तीची नोंद हे सगळे एकाच वेळी स्वच्छ असावे लागते. यांतले एखादे अडले तर नाव थांबते, आणि थांबल्याचे कारण तुमच्या घरी येऊन कोणी सांगत नाही.

जागा ट्रेडनुसार, म्हणजे कामाच्या शाखेनुसार, ठरतात, हे मनावर कोरून ठेवा. एअरफ्रेम, प्रोपल्शन, इलेक्ट्रिकल, वेपन, लॉजिस्टिक्स, मेडिकल असिस्टंट, वायुसेना पोलीस अशा प्रत्येक ट्रेडची ज्येष्ठतेची यादी स्वतंत्र असते. बेळगावजवळच्या सांबऱ्याला, एअरमनांच्या प्रशिक्षण केंद्रात, एकाच बराकीत, शेजारशेजारच्या खाटांवर झोपलेले दोघे जण पुढे वेगवेगळ्या ट्रेडमध्ये गेले, तर त्यांतला एक दुसऱ्याच्या तीन-चार वर्षे आधी जेडब्ल्यूओ होऊ शकतो. यात कोणाचा वशिला नसतो. मित्राच्या बढतीची तारीख पाहून स्वतःचे नशीब मोजू नये. आपल्या ट्रेडमधल्या आपल्या वरच्या माणसांकडे पाहावे.

शिस्तीची नोंद कंडक्ट शीटवर होते आणि तेथे लाल शाईच्या व काळ्या शाईच्या नोंदी वेगळ्या असतात. विशीतल्या एअरमनला सुट्टीवरून दोन दिवस उशिरा आल्याची शिक्षा किरकोळ वाटते, आणि तिशीच्या शेवटी तीच नोंद फाइलमधून डोके वर काढते. वैद्यकीय श्रेणीचेही तसेच. गुडघा दुखतो, पाठ धरते, रक्तदाब वाढतो, आणि माणूस परीक्षण मंडळाची तारीख पुढे ढकलत राहतो. पुनर्परीक्षण वेळेवर करून घेतले तर श्रेणी सुधारण्याची संधी असते. ते न करता बसणे हा शुद्ध आळस आहे आणि त्याची किंमत मोजावी लागते.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. एका तळावर असताना मी एक आवश्यक परीक्षा उत्तीर्ण झालो, निकालाच्या फलकावर नाव पाहिले, मित्रांना चहा पाजला आणि विषय संपवला. त्या निकालाचा पीओआर, म्हणजे सेवापत्रकात नोंद घडवून आणणारा अहवाल, निघालाच नाही. त्यानंतर माझी बदली झाली. दीड वर्षाने माझ्या कनिष्ठांची नावे बढतीच्या यादीत आली आणि माझे आले नाही, तेव्हा शोध सुरू झाला. जुन्या युनिटने सांगितले की कागद पाठवला होता. नव्या युनिटने सांगितले की आला नाही. माझ्याकडे निकालाची साधी छायाप्रतही नव्हती. अखेर जुन्या युनिटमधल्या एका कॉर्पोरलने कपाटाच्या तळातून ती मूळ यादी काढून दिली, आणि माझे अकरा महिने गेले ते गेलेच.

म्हणून पुढील कागद प्रत्येकाने एका जाड फाइलमध्ये, छायाप्रतींसह, स्वतःजवळ ठेवावेत:

- प्रत्येक परीक्षेच्या व कोर्सच्या निकालाची प्रत आणि तिच्या पीओआरचा क्रमांक व तारीख
- विवाह, अपत्यजन्म आणि नामनिर्देशन यांच्या पीओआरच्या प्रती
- शेवटच्या वैद्यकीय मंडळाचे निष्कर्ष आणि पुढील परीक्षणाची तारीख
- सेवावाढीसाठी दिलेल्या प्रत्येक इच्छापत्राची पोच
- शैक्षणिक प्रमाणपत्रे. सेवेत असताना पदवी घेतली असेल तर ती नोंदवल्याचा पुरावा
- वायुसेना समूह विमा संस्थेकडील नामनिर्देशनाची प्रत
- आधार, पॅन आणि पत्नीबरोबरचे संयुक्त छायाचित्र

मराठी माणसाने यात एक जादा काळजी घ्यावी. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, आणि लग्नानंतर पत्नीचे नाव कधीकधी पूर्ण बदलते. सेवापत्रकात 'सुनंदा', आधारवर 'सुनंदाबाई', बँकेत माहेरचे आडनाव आणि मुलाच्या दाखल्यावर तिसरेच काही, हा प्रकार मी इतक्या घरांत पाहिला आहे की आता मोजणे सोडून दिले आहे. नोकरीत असताना ही दुरुस्ती एका अर्जाने आणि एका पीओआरने होते. माणूस गेल्यावर हेच काम विधवा बाईला करावे लागते, आणि तेव्हा तिला शपथपत्रांसाठी तालुक्याच्या किती फेऱ्या माराव्या लागतात ते तिलाच ठाऊक.

५. यादी लागण्याच्या सुमारास घाईने निर्णय घेऊ नका

नियमित एअरमनची सुरुवातीची सेवा २० वर्षांची असते आणि पुढे टप्प्याटप्प्याने, कमाल ५७ वर्षांच्या वयापर्यंत वाढ मिळू शकते. निवृत्तिवेतनाला १५ वर्षांची सेवा पुरते. त्यामुळे विसाव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांच्या मनात एकच चक्र फिरते: बाहेर पडून दुसरी नोकरी धरावी की थांबावे? नेमका हाच काळ जेडब्ल्यूओच्या यादीचाही असतो.

थांबावेच असे मी म्हणणार नाही. मुले दहावी-बारावीत असतात, आईवडील थकलेले असतात, आणि चाळिशीच्या आत बाहेर पडलेल्याला बँकेत किंवा सरकारी खात्यात माजी सैनिकांच्या जागेवर वयाची सवलत मिळते, हे खरे आहे. परंतु निर्णय घेण्याआधी ऑर्डरली रूममध्ये जाऊन आपल्या ट्रेडच्या यादीत आपण कोठे आहोत ते विचारावे. सेवावाढीचे इच्छापत्र मुदतीत द्यावे लागते. "साहेबांना तोंडी सांगितले होते" हे वाक्य दिल्लीच्या सुब्रतो पार्कमधील वायुसेना अभिलेख कार्यालयात चालत नाही, कारण तेथे फक्त कागद पोहोचतो. आणि बढतीबरोबर बदली येऊ शकते. पुण्यात लोहगावला किंवा नागपूरला वायुसेनानगरात घर बसलेले असताना आसामचा आदेश आला म्हणून बढतीच नाकारणारे लोक मी पाहिले आहेत. नाकारणे हा तुमचा निर्णय आहे, पण त्याचे परिणाम लेखी विचारून घ्या आणि पत्नीशी बोलून ठरवा, कारण त्या बदलीतला मोठा भार तिच्यावर पडणार असतो.

६. पहिले सहा महिने: हुद्दा सहीत असतो

जेडब्ल्यूओ झाल्यावर मेस बदलेल असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. वायुसेनेत सार्जंटपासून मास्टर वॉरंट ऑफिसरपर्यंत सर्वांची मेस एकच असते, म्हणून ताट, खुर्ची आणि समोरचा माणूस कालचाच असतो. बदलते ते कामाच्या जागी.

माझ्या बढतीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यातली एक संध्याकाळ सांगतो. शेवटचे विमान हँगरमध्ये आले, काम झाले, आणि हत्यारे फळीवर परत लावण्याची वेळ झाली. या फळीवर प्रत्येक हत्याराच्या आकाराची छाया रंगवलेली असते, म्हणजे एखादे नसले तर त्याची रिकामी छाया लगेच डोळ्यांत भरते. दहा मिलिमीटरच्या पान्याची छाया रिकामी होती. कॉर्पोरलने दोनदा मोजले. एका लीडिंग एअरक्राफ्ट्समनने सांगितले की पाना बहुधा दुपारच्या पाळीने नेला असेल. सगळ्यांना जेवायला जायचे होते, बस उभी होती, आणि सकाळी सहाला त्याच विमानाचे उड्डाण होते.

सार्जंट असतो तर मी हा प्रश्न वरच्या माणसाकडे नेला असता. त्या दिवशी वरचा माणूस मीच होतो. इंजिनियरिंग अधिकाऱ्याने शांतपणे विचारले, "वॉरंट साब, साइन करेंगे?" विमानाच्या नोंदवहीवर, जिला आम्ही फॉर्म ७०० म्हणतो, माझी सही झाली की ते विमान उडायला मोकळे होणार होते. मी बस सोडून दिली. दुपारी उघडलेली सगळी झाकणे पुन्हा उघडली, टॉर्च आणि आरसा घेऊन आतली प्रत्येक पोकळी पाहिली. रात्री पावणेअकराला पाना सापडला तो विमानात नव्हे. एका पोराच्या डांगरीच्या मांडीवरच्या खिशात, त्याच्या हातमोज्यांच्या आत गुंडाळलेला. पोरगा रडायच्या बेतात होता. त्याला मी दुसऱ्या दिवशी झापले, त्या रात्री जेवायला नेले.

नव्या जेडब्ल्यूओने पहिल्या सहा महिन्यांत पुढील चुका टाळाव्यात. काल ज्यांच्याबरोबर पत्ते खेळलो, त्यांच्याशी एकदम परके होऊ नये. पण त्यांच्या कामावर न पाहता सही करून मैत्रीही टिकवू नये. तरुण अधिकाऱ्याला अनुभव कमी असतो आणि अधिकार जास्त असतो. त्याला चारचौघांत दुरुस्त न करता बाजूला नेऊन सांगावे, आणि ते लेखी सांगण्यासारखे असेल तर लेखीच सांगावे. सुट्टीची यादी स्वतः तयार करावी, कारण गणपतीत सगळ्या मराठी पोरांना आणि छठला सगळ्या बिहारी पोरांना एकाच वेळी जायचे असते, आणि ते गणित कॉर्पोरलवर सोडले तर वर्षभर कुरबुर ऐकावी लागते. मी पहिल्या वर्षी आपल्या लोकांना झुकते माप दिले, आणि ते इतरांच्या लक्षात आले. दुसऱ्या वर्षी गणपतीत मी स्वतः सुट्टी घेतली नाही, तेव्हा कोठे बोलणे थांबले.

७. त्यापुढे: वॉरंट, मास्टर वॉरंट आणि ऑनररी कमिशन

जेडब्ल्यूओपासून वॉरंट ऑफिसर आणि तेथून मास्टर वॉरंट ऑफिसर या पायऱ्यांवरही रिकाम्या जागा, ज्येष्ठता आणि मूल्यमापन हेच घटक चालतात. फक्त वर जाताना जागा कमी होत जातात. मी वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो.

शेवटच्या टप्प्यावर निवडक लोकांना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट या दिवशी जाहीर होणारे ऑनररी कमिशन मिळते: ऑनररी फ्लाइंग ऑफिसर आणि ऑनररी फ्लाइट लेफ्टनंट. गुरुजींचा प्रश्न येथे पोहोचल्यावर बरोबर ठरला असता. हा मान दीर्घ आणि निष्कलंक सेवेबद्दल असतो. सचिन तेंडुलकर यांना २०१० साली वायुसेनेने दिलेली ऑनररी ग्रुप कॅप्टन ही रँक याच शब्दाने ओळखली जाते, पण तो वेगळा प्रकार आहे; सेवेबाहेरच्या नामवंत व्यक्तीला दिलेला तो सन्मान होता. दोन्हींत 'ऑनररी' आहे म्हणून गावात कोणी तुलना करू लागले, तर न चिडता हा फरक सांगावा.

ज्याला खरोखर अधिकारी व्हायचे आहे, त्याने मात्र वॉरंट हुद्द्याची वाट पाहत बसू नये. वयाची अट पूर्ण होत असेपर्यंत सेवेतल्या एअरमनला निवड मंडळापुढे जाण्याचा मार्ग असतो; म्हैसूर, डेहराडून, गांधीनगर, वाराणसी येथे वायुसेनेची अशी मंडळे आहेत. हा विचार लीडिंग एअरक्राफ्ट्समन किंवा कॉर्पोरल असतानाच करावा लागतो. सार्जंट झाल्यावर जाग आलेल्यांना बहुधा वय आडवे येते.

८. अग्निवीरवायूंसाठी आणि घरच्यांसाठी

२०२२ पासून भरती अग्निपथ योजनेतून होते. अग्निवीरवायू हा स्वतंत्र हुद्दा असून सेवा चार वर्षांची आहे, आणि त्यांतल्या जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित संवर्गात घेण्याची तरतूद आहे. त्यांना पुढे किमान १५ वर्षे सेवा करावी लागते. म्हणजे वर सांगितलेली शिडी त्या २५ टक्क्यांत आलेल्याला लागू होते. भरतीच्या वेळी एजंटाने "वॉरंट ऑफिसरपर्यंत पक्के" असे सांगितले असेल, तर त्याला हा आकडा दाखवावा. अर्ज केवळ वायुसेनेच्या अधिकृत संकेतस्थळावरून भरावा. मुंबईत कॉटन ग्रीनला एअरमन निवड केंद्र आहे, शंका तेथे विचाराव्यात.

घरच्यांना हुद्द्याचा फरक निवृत्तीनंतर प्रत्यक्ष जाणवतो. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत, म्हणजे ईसीएचएसमध्ये, सार्जंटपर्यंतच्यांचे एकरकमी अंशदान ३०,००० रुपये आणि सर्वसाधारण कक्ष. ज्युनियर वॉरंट ऑफिसर ते मास्टर वॉरंट ऑफिसरपर्यंत ६७,००० रुपये आणि निमखासगी कक्ष. कार्डावर हुद्दा चुकीचा छापला गेला, तर रुग्णालयात दाखल होण्याच्या रात्री वाद होतो, म्हणून कार्ड हातात येताच रँकचा रकाना वाचावा. निवृत्तिवेतनाच्या आदेशावरील रँक, ट्रेडचा गट आणि पत्नीचे नाव डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहावे, 'स्पर्श' या निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवरील माहिती तपासावी, आणि हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर द्यावा.

निवृत्त होऊन गावी आल्यावर पहिल्याच महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्यावे. मी गेलो तेव्हा सोबत मूळ डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश, आधार, पॅन, बँकेचे पासबुक, चार छायाचित्रे आणि प्रत्येकाच्या दोन छायाप्रती नेल्या होत्या. खिडकीवरच्या लिपिकाने अर्ज पाहिला, 'हुद्दा' या रकान्यात मी लिहिलेले 'वॉरंट ऑफिसर' वाचले आणि विचारले, "म्हणजे सुभेदार ना?" मी हो म्हटले, आणि तरीही रकान्यात वॉरंट ऑफिसर असेच राहू द्यावे अशी विनंती केली.